कुलूप कोणी लावायचे? राणा प्लाझाचा आदला दिवस

२३ एप्रिल २०१३, मंगळवार. ढाक्याच्या वायव्येला, ढाका–आरिचा महामार्गावरचे सावार. बसथांब्याजवळ राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत. खालच्या मजल्यांवर दुकाने आणि ब्रॅक बँकेची शाखा, तिसऱ्यापासून वर तयार कपड्यांचे पाच कारखाने. त्या दिवशी सकाळी यंत्रे चालू असतानाच खांबांना आणि भिंतींना तडे गेले. कामगार घाबरून खाली आले, कारखाने त्या दिवसापुरते सुटले. स्थानिक पत्रकार कॅमेरे घेऊन पोहोचले आणि तडे टीव्हीवर झळकले.

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास तीच इमारत माणसांसकट खाली बसली. १,१३४ जण मेले. सुमारे अडीच हजार जणांना जिवंत बाहेर काढले, त्यातल्या काहींचे हात किंवा पाय ढिगाऱ्यातच कापावे लागले. शोधकाम १३ मेपर्यंत चालले. त्याच्या तीन दिवस आधी, म्हणजे सतराव्या दिवशी, एक तरुण शिलाई कामगार जिवंत सापडली होती.

राणा प्लाझाचा विषय निघाला की निकृष्ट सिमेंट आणि बेकायदा मजले यांवर बोलणे होते. तेही बोललेच पाहिजे. मला मात्र हे प्रकरण पुन्हापुन्हा उघडावेसे वाटते ते त्या दोन सकाळींच्या मधल्या चोवीस तासांसाठी. इमारत धोक्याची आहे ही बातमी तोवर लपलेली नव्हती. कायद्यात कलम होते, हाकेच्या अंतरावर अधिकारी होते. तरी दाराला कुलूप लागले नाही.

मंगळवारी कोण कोण येऊन गेले

पहिला आला तो अभियंता. इमारतीच्या मालकानेच त्याला तडे बघायला बोलावले होते. त्याने खांब पाहिले आणि इमारत रिकामी करा असे सांगितले. या माणसाची गोष्ट पुढे विचित्र वळण घेते. इमारतीवर जादा मजले चढवले गेले तेव्हा मालकाचा सल्लागार तोच होता, असे सांगून पोलिसांनी नंतर त्यालाच अटक केली. म्हणजे त्या दिवशी खरे बोललेला जाणकार हा मालकाच्या घरचाच. त्याच्या सल्ल्याला मालकाने मानले तर किंमत, न मानले तर तोंडची वाफ.

मग उपजिल्हा निर्वाही अधिकारी आले. बांगलादेशात उपजिल्हा म्हणजे साधारण आपला तालुका, आणि हे पद म्हणजे आपल्याकडचे प्रांत आणि गटविकास अधिकारी एकाच खुर्चीत बसवावेत तसे. त्यांनी पाहणी केली आणि ताबडतोब काही धोका नाही अशा अर्थाचा दिलासा देऊन ते गेले. नंतर ते निलंबित झाले. माणसे बाहेर काढून पोलिस उभे करायचे एवढे वजन त्यांच्या पदाला नक्की होते. खांब वाचायची विद्या मात्र नव्हती. ज्याच्याकडे ती होती त्याला वजन नव्हते. दोघे एकाच दिवशी एकाच इमारतीत येऊन गेले आणि दोघांची बेरीज कोणीच केली नाही.

औद्योगिक पोलिसांनीही कारखानदारांना सांगितले की बांगलादेश अभियांत्रिकी विद्यापीठाचे तज्ज्ञ तपासून जाईपर्यंत काम बंद ठेवा. हे दल २०१० मध्ये उभे राहिले ते मुख्यतः कारखाना पट्ट्यातले संप, मोर्चे आणि रास्ता रोको आवरायला. कामगार रस्त्यावर आले तर काय करायचे याचा त्यांना सराव होता. मालक कामगारांना आत ढकलत असेल तर काय करायचे याचा नव्हता. त्यांचे सांगणे सूचना म्हणूनच राहिले.

कपडे निर्यातदारांच्या संघटनेनेही, म्हणजे बीजीएमईएने, तोच निरोप दिला. ही संघटना नुसती व्यापारी मंडळासारखी नाही. परदेशातून करमुक्त कापड आणायला जो वापर-दाखला लागतो तो तीच देते. कारखान्याची मान तिच्या हातात असते म्हटले तरी चालेल. त्या दिवशी मान धरली गेली नाही, मागून हाक मारली गेली एवढेच.

उरली बँक. खालच्या मजल्यावरच्या शाखेने आपल्या माणसांना हलवले आणि दुसऱ्या दिवशी शाखा उघडलीच नाही. दुकानेही बंद राहिली. त्यासाठी कोणाचा आदेश लागला नाही, की कोणते कलम. आपल्या माणसांचा जीव आणि आपला पैसा यांचा हिशेब बँकेने स्वतः मांडला. वरच्या मजल्यांवरच्या कामगारांच्या वतीने असा हिशेब मांडायला कोणी नव्हते. पाचही कारखान्यांपैकी एकातही कामगार संघटना नव्हती.

मालक सोहेल राणा हा तेव्हाच्या सत्ताधारी अवामी लीगच्या युवक संघटनेचा स्थानिक पुढारी. तडे वगैरे काही नाही, भिंतीचे प्लॅस्टर निघाले आहे, असे त्याने वार्ताहरांना सांगितले. कंपनीच्या दारात उभे राहून पत्रकारांशी बोललेल्या कोणालाही ही ओळ नवी वाटणार नाही.

बुधवारी सकाळी कामगार इमारतीसमोर जमले. आत जायला बहुतेकांची तयारी नव्हती. महिना संपत आला होता आणि पगार व्हायचा होता. सुपरवायझरांनी सांगितले की आत या, नाहीतर महिन्याचा पगार विसरा. तेव्हाचे किमान वेतन महिना ३,००० टका (बांगलादेशी चलन) होते. ज्या घरात तेवढ्यावर भाडे, किराणा आणि गावी पाठवायचे पैसे भागतात, तिथे एक पगार बुडणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. लोक आत गेले. थोड्या वेळाने वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे अजस्र जनरेटर सुरू झाले आणि इमारत हादरली.

इमारत उभी कशी राहिली

जागा मूळची तळ्याची, दलदलीची. भराव टाकून तिच्यावर बांधकाम झाले. परवानगी दिली सावार नगरपालिकेने. या भागातल्या अशा इमारतींना मंजुरी देण्याचा अधिकार राजधानी विकास प्राधिकरणाचा, म्हणजे राजउकचा, असे राजउकचे म्हणणे. नगरपालिकेला तो अधिकार नव्हताच, असे त्यांनी दुर्घटनेनंतर सांगितले. नंतर म्हणजे उशिराच, कारण इमारत काही रात्रीतून उगवली नव्हती. महामार्गालगत मजल्यावर मजला चढताना सगळ्यांनी पाहिला होता, आणि कोसळली तेव्हा नववा चढत होता. वरचे मजले बेकायदा चढवलेले होते.

दुसरी गोष्ट वापराची. इमारत दुकाने आणि कार्यालये यांच्यासाठी आखलेली होती. वर बसवले कारखाने: शेकडो शिलाई यंत्रे, कापडाचे गठ्ठे, हजारो माणसे आणि जनरेटर. कार्यालयाच्या स्लॅबवर टेबल-खुर्च्यांचे वजन धरतात, तिथे रोज थरथरणारे यंत्र धरलेले नसते. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने मे २०१३ मधल्या अहवालात हीच कारणे नोंदवली: निकृष्ट साहित्य, बेकायदा वाढीव मजले, जड यंत्रे, जनरेटरचा हादरा. नियमबाह्य परवानगीबद्दल नगराध्यक्षांवरही ठपका ठेवला.

इथे थोडे थांबून आपल्याकडे पाहू. ठाणे-भिवंडीच्या पट्ट्यात गोदाम किंवा गाळा म्हणून बांधलेल्या जागेत यंत्रे बसवणे ही काही ऐकीव गोष्ट नाही. आणि तारखा पाहा. राणा प्लाझाच्या वीसच दिवस आधी, ४ एप्रिल २०१३ रोजी, मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून ७४ जण मेले होते. ती राहती इमारत होती, कारखाना नव्हे, पण आत राहणाऱ्यांत तिथेच बांधकामावर राबणारे मजूर आणि त्यांची मुलेबाळे होती. खालच्या मजल्यांवर बिऱ्हाडे, वर मजला चढतोच आहे, आणि परवानगीचा पत्ता नाही. महिन्याच्या आत दोन देशांत हे घडले. सावारची बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आली तेव्हा शीळफाट्याची शाईही वाळली नव्हती.

बांगलादेशाचे तेव्हाचे गृहमंत्री तर म्हणाले होते की हरताळ पुकारणाऱ्या विरोधकांनी इमारतीचे खांब आणि फाटक हलवले, तेही एक कारण असू शकेल. त्यावर तिथले लोक हसले. मला त्यात मंत्र्याच्या अज्ञानापेक्षा सवय दिसते. इमारत पडली की आधी बाहेरचा हात शोधायचा, आतली सही नंतर.

कलम ६१

बांगलादेशाच्या २००६ च्या श्रम कायद्यात कलम ६१ आहे. कारखान्याची इमारत किंवा तिचा एखादा भाग जीविताला धोकादायक आहे असे निरीक्षकाला वाटले तर तो दुरुस्तीचा लेखी आदेश देऊ शकतो. धोका तातडीचा असेल तर दुरुस्ती होईपर्यंत तिच्या वापरावर बंदी घालू शकतो. कुलूप हेच. न्यायालयात जायला नको, मंत्र्याची परवानगी नको.

वाचताना हे कलम ओळखीचे वाटते, कारण ते ओळखीचेच आहे. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातले कलम ४० जवळजवळ याच शब्दांत होते. दोन्ही एकाच वसाहतकालीन मुळाच्या फांद्या. म्हणून कायदाच कमजोर होता, ही पळवाट इथे चालत नाही. कलम चांगले होते. प्रश्न ते वापरणाऱ्याचा होता.

जून २०१२ मध्ये ढाका जिल्ह्यात अंदाजे एक लाख कारखान्यांसाठी निरीक्षक आणि सहायक निरीक्षक मिळून १८ जण होते, असे ह्यूमन राइट्स वॉच या आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संस्थेने नोंदवले आहे. गणित करून पाहा. प्रत्येक जण रोज एक कारखाना याप्रमाणे सुट्टी न घेता फिरला तरी त्या सगळ्यांना पंधरा वर्षे लागतील, तीही फक्त एकेका फेरीला. त्यातून निरीक्षक इमारतीचा जाणकार असेलच असे नाही. कामाचे तास, हजेरीपत्रक, रजा, बाळंतपणाचे लाभ, यंत्रांची कुंपणे हे सगळे त्यानेच पाहायचे, आणि वर खांबही.

आणि शेवटी आदेश मोडल्याची किंमत. कायदा मोडल्यामुळे कोणाचा जीव गेला तर त्याच कायद्यात शिक्षा जास्तीत जास्त चार वर्षे कैद किंवा एक लाख टका दंड. मृत कामगाराच्या वारसाला भरपाई तेव्हा एक लाख टका. मालकाच्या एका बाजूला हे आकडे, दुसऱ्या बाजूला परदेशी ग्राहकाची शिपमेंटची तारीख. तारीख चुकली तर माल विमानाने पाठवायचा किंवा ऑर्डर घालवायची. दोन्हींत जाणारा पैसा त्या दंडाहून कितीतरी मोठा. पाचांपैकी एकाही मालकाने बुधवारी कारखाना बंद ठेवला नाही, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही. नवल हे की त्यांनी तो आपण होऊन बंद ठेवावा या भरवशावर सगळी यंत्रणा उभी होती.

सावारला हा पहिला धडा होता असेही नाही. ११ एप्रिल २००५ रोजी याच सावारमध्ये पलाशबाडीला स्पेक्ट्रम नावाचा स्वेटरचा कारखाना कोसळून ६४ कामगार मेले होते. तीही बहुमजली इमारत, तीही पाणथळ जमिनीवरची. मग २४ नोव्हेंबर २०१२ ला याच उपजिल्ह्यातल्या आशुलियात तझरीन फॅशन्सला आग लागली, ११२ हून कमी नाही एवढे जीव गेले. राणा प्लाझाच्या बरोबर पाच महिने आधी. दोन्ही वेळा समित्या बसल्या आणि अहवाल झाले.

शिवाय खासगी तपासणीचा वेगळाच थर होता. राणा प्लाझातल्या काही कारखान्यांची परदेशी ग्राहकांच्या सामाजिक निकषांनुसार आधी तपासणी झालेली होती. त्या तपासण्यांत बालकामगार, कामाचे तास, शौचालये, अग्निशामक असे पाहतात. इमारत उभी राहील का, हा रकानाच त्या अर्जात नव्हता. तपासणारे खोटे बोलले असे म्हणायचे कारण नाही. जे विचारले नाही ते त्यांनी सांगितले नाही. आपल्याकडे एखाद्या कंपनीत भिंतभर प्रमाणपत्रे लावलेली दिसतात, तेव्हा त्यातले इमारतीचे कोणते, असे विचारून पाहावे. महाराष्ट्र कारखाने नियमांत इमारतीच्या स्थैर्याचा दाखला वेगळा सांगितलेला आहे, पण चौकटीत लावलेला तो मी फार ठिकाणी पाहिलेला नाही.

मग कुलूप तयार झाले

पुढच्या काही आठवड्यांत जे झाले ते या प्रकरणातले सर्वांत शिकण्यासारखे. १५ मे २०१३ पर्यंत अनेक मोठ्या युरोपीय ब्रँडनी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनांबरोबर अग्नी व इमारत सुरक्षेचा पाच वर्षांचा करार केला. ओळख झाली ती ‘अकॉर्ड’ या नावाने. त्याचा गाभा असा की ब्रँडने दिलेला शब्द हा केवळ सदिच्छा उरला नाही, मोडला तर लवादात ओढता येईल असा बांधील झाला. करारातल्या अभियंत्यांनी सुमारे १,६०० कारखाने तपासले. प्रत्येक कारखान्याचा अहवाल नावानिशी जाहीर होई. त्रुटी, मुदत, दुरुस्ती झाली की नाही, हे कामगारालाही वाचता येई, शेजारच्या कारखानदारालाही. पहिल्या फेरीतच ऐंशी हजारांहून जास्त त्रुटी निघाल्या. त्याआधीचे सगळे निरीक्षक काय पाहत होते, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांना पडला.

खांबांवर प्रमाणाबाहेर ताण दिसला, तर प्रकरण सरकार, मालक, कामगार आणि अभियंते यांच्या पुनरावलोकन मंडळापुढे जाई, आणि इमारत रिकामी करण्याची शिफारस तिथून निघे. दुरुस्ती न करणाऱ्या कारखान्याला करारातला एकही ब्रँड काम देणार नाही, ही शिक्षा होती. हे एक लाख टक्यांच्या दंडाहून फार निराळे प्रकरण. कारखानदार निरीक्षकाला नव्हे, ऑर्डरला घाबरतो, हे ज्यांनी ओळखले त्यांनी कुलपाची किल्ली ऑर्डरच्या हातात दिली.

सरकारी बाजूनेही हालचाल झाली. जानेवारी २०१४ मध्ये कारखाना निरीक्षण कार्यालयाला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला आणि निरीक्षकांची पदे ५७५ पर्यंत मंजूर झाली. जुलै २०१३ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे सुरक्षा समिती सक्तीची केली. त्याच वर्षाअखेर किमान वेतन ५,३०० टका झाले. मृतांचे वारस आणि जखमी यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या देखरेखीखाली निधी उभारला गेला. ३ कोटी डॉलरचे त्याचे लक्ष्य पुरे व्हायला जून २०१५ उजाडला. काही ब्रँडना आपला वाटा द्यायला दोन वर्षे लागली.

या यशाला एक काठ आहे, आणि तो नीट पाहावा. करार फक्त निर्यातीच्या कपड्यांपुरता होता. जिथे परदेशी लेबल नाही तिथे किल्लीही नाही. जुलै २०२१ मध्ये नारायणगंज जिल्ह्यातल्या रूपगंजला खाद्यपदार्थांच्या कारखान्यात आग लागली, पन्नासहून अधिक जण मेले, त्यांत अल्पवयीन मुले होती. वरच्या जिन्याचे दार कुलपात होते. म्हणजे सावारला न लागलेले कुलूप रूपगंजला लागले होते, नको त्या दाराला. तिथे ब्रँडचा धाक नव्हता. उरला होता सरकारी निरीक्षक, म्हणजे पुन्हा तीच मूळची व्यवस्था.

भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९४८ चा अधिनियम तिच्यात विरला. निरीक्षकाच्या पदनामाला आता ‘सुविधाकार’ हे शेपूट जोडले आहे. सुविधा द्यायला हरकत नाही. राणा प्लाझात त्या मंगळवारी सल्ला देणाऱ्यांचा तुटवडा नव्हता. अभियंता, औद्योगिक पोलिस, निर्यातदारांची संघटना, सगळे सल्लाच देत होते.

राणाला दुर्घटनेनंतर चार दिवसांनी, भारतीय सीमेवरच्या बेनापोलला पकडले. संपत्तीचा हिशेब न दिल्याबद्दल २०१७ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. मृत्यूंबद्दलचा खुनाचा खटला वेगळा आणि फार लांबलेला. ४१ जणांवर आरोप ठेवायलाच जुलै २०१६ उजाडला. त्याआधीचा बराच काळ एका गोष्टीत गेला होता: आरोपींतल्या सरकारी अधिकाऱ्यांवर खटला भरायला त्यांच्या खात्यांची मंजुरी मिळेना. साक्षी सुरू झाल्या त्या २०२२ मध्ये.

इमारतीची जागा रिकामी आहे. पावसाळ्यात तिथे पाणी साचते आणि झुडपे वाढतात. कडेला रस्त्यालगत दोन मुठींचे एक शिल्प आहे, विळा-हातोडा धरलेले. २४ एप्रिलला लोक फोटो घेऊन तिथे येतात.